झाडाचे वर्ष

एखादी वनस्पतिबाग हिंडायला एक दिवस पुरतो. ती कळायला वर्ष लागते. फेब्रुवारीत भोपाळला गेलेला माणूस उघडी खोडे पाहून परततो आणि तिथले रान वाळले आहे असे घरी सांगतो. ऑगस्टमध्ये गेलेल्याला त्याच रानात हिरव्या रंगापलीकडे काही दिसत नाही. दोघेही खरे तेच सांगतात, पण झाडाची ओळख दोघांनाही झालेली नसते. पाटीवर झाडाचे नाव आणि कुळ लिहिलेले असते. ते झाड बारा महिने काय करते, हे मात्र त्याच्यापाशी पुन्हा पुन्हा गेल्याशिवाय कळत नाही. या प्रकरणात आपण भोपाळच्या श्यामला टेकडीवर आणि तिच्या आसपास वर्षभर हिंडणार आहोत.

टेकडी, तळे आणि दगड

भोपाळ कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर वसले आहे. विदिशेच्या रस्त्याला लागले की कर्कवृत्ताची खूण दाखवणारा फलक लागतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात इथे भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दिवस साडेतेरा तासांचा होतो. डिसेंबरात तो पावणेअकरा तासांपेक्षाही थोडा लहान असतो. मुंबई-पुण्यापेक्षा हा चढउतार जास्त. तो लक्षात ठेवा, कारण पुढे झाडे याच फरकावरून ऋतू ओळखताना दिसतील.

शहराखालचा दगड दोन प्रकारचा आहे. एक विंध्याचा वालुकाश्म आणि दुसरा आपल्या ओळखीचा दख्खनचा काळा पाषाण. दोहोंची सीमा याच परिसरातून जाते. त्यामुळे सपाटीवर काळी, चिकट, कसदार माती आणि टेकड्यांवर पातळ, खडकाळ, पाणी न धरणारी जमीन असा जोड इथे पाहायला मिळतो. वर्षाला सुमारे १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा लहान नाही, पण जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. उरलेले आठ महिने झाडांनी काढायचे असतात ते जमिनीतल्या ओलीवर.

पश्चिमेला पसरलेला बडा तालाब अकराव्या शतकात परमार राजा भोजाने बांधला, अशी परंपरा आहे. २००२ साली भोज पाणथळ जागेला रामसर यादीत स्थान मिळाले. या तळ्याच्या काठची श्यामला टेकडी हीच माझ्या मते भोपाळची खरी वनस्पतिबाग आहे. तिच्यावर सुमारे २०० एकरांत इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय पसरले आहे. या संग्रहालयाची सुरुवात १९७७ साली दिल्लीत झाली आणि थोड्याच काळात ते भोपाळला आले. देशभरातल्या आदिवासी आणि ग्रामीण समाजांची घरे इथे उघड्या आकाशाखाली उभी आहेत आणि त्यांच्यामधून झाडीची वाट जाते. बांबू, गवत, साल, साग, पाने, वेली ही या घरांची सामग्री. झाड आणि त्याचा माणसाने केलेला उपयोग एकाच वाटेवर दिसतो, हे भाग्य बहुतेक वनस्पतिबागांना लाभत नाही. इथले ‘पुनीत वन’ हे दालन देशातल्या देवरायांची ओळख करून देते. सह्याद्रीतल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात केला, तेव्हापासून मराठी वाचकाला हा विषय परका राहिलेला नाही.

संग्रहालयाच्या आवारात आदिमानवाने चितारलेले शैलाश्रयही आहेत. भोपाळच्या दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर भीमबेटका आहे. तिथल्या चित्रांचा शोध डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांना १९५७ साली लागला, तो आगगाडीतून दिसलेल्या खडकांच्या आकारामुळे. नीमचला जन्मलेल्या, उज्जैनला कर्मभूमी मानणाऱ्या या मराठी माणसामुळे भीमबेटका जगाच्या नकाशावर आले. याच प्रकारच्या खडकाच्या आधाराने आजही सालई आणि करू ही झाडे उभी आहेत.

टेकडीच्या पायथ्याशी तळ्याला लागून वन विहार आहे. ४४५ हेक्टरांच्या या पट्ट्यात एके काळी दगडाच्या खाणी चालत. १९८३ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, तोडणे-खोदणे थांबले आणि रान पुन्हा उभे राहिले. राष्ट्रीय उद्यानातून पायी किंवा सायकलवर जायची मुभा देशात फार थोड्या ठिकाणी आहे. झाडे पाहणाऱ्याला हाच वेग सोयीचा.

बागा कशासाठी लावल्या गेल्या

आधुनिक वनस्पतिबागांची सुरुवात इटलीतल्या पादुआ शहरात १५४५ साली झाली, ती वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती शिकवण्यासाठी. पुढे वसाहतींच्या काळात हेतू बदलला. १७८७ साली कलकत्त्याजवळ शिबपूरला कंपनी सरकारने बाग उभारली ती व्यापाराला उपयोगी झाडे वाढवण्यासाठी. पुण्याजवळच्या दापोडीला १८२८ साली अशीच बाग काढली गेली, मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत. पेशवाई बुडाल्यावर माळव्याची घडी बसवणारा कंपनीचा अधिकारी हाच. अशा बागांमधून परदेशी झाडे देशभर गेली. मादागास्करचा गुलमोहर आणि दक्षिण अमेरिकेचा नीलमोहर आज भोपाळच्या रस्त्यांवर इतके रुळले आहेत की ते पाहुणे वाटत नाहीत.

भोपाळला स्वतःचा बागांचा वारसाही आहे. इथे शतकाहून अधिक काळ बेगमांनी राज्य केले. ऐशबाग, बाग फरहत अफ्जा, बाग दिलकुशा, बाग उमराव दूल्हा ही नावे आजही पत्त्यांत लिहिली जातात, जरी त्या जागी आता वस्त्या आहेत. त्या बागा सावलीसाठी, फळांसाठी, कारंज्यांसाठी होत्या. श्यामला टेकडीचे मोल वेगळे आहे. तिथे बाहेरून आणलेल्या नवलाईपेक्षा याच मातीतले, याच पावसावर जगणारे रान दिसते. शास्त्रज्ञ त्याला उष्ण प्रदेशातले शुष्क पानगळी वन म्हणतात. विदर्भ, खानदेश, मराठवाड्याचा उत्तर भाग इथल्या माणसाला ही झाडे आपल्याच घरची वाटतील. पळस, मोह, साग, तेंदू, चारोळी, धावडा, ऐन, बेल, बहावा अशी नावे घेत चालता येते.

आषाढ-श्रावण : कामाचे दिवस

आपले वर्ष चैत्रात सुरू होते. या झाडांचे वर्ष मात्र पावसाबरोबर सुरू झालेले धरावे. साधारण जूनच्या उत्तरार्धात मोसमी वारे भोपाळला पोहोचतात आणि दोन आठवड्यांत टेकडी ओळखू येत नाही.

पान म्हणजे झाडाचे स्वयंपाकघर असे शाळेत शिकवतात. त्यापुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड आत घेताना त्याच छिद्रांतून पाणी बाहेर जाते. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवायचा तर शेकडो रेणू पाणी गमवावे लागते. जमिनीत पाणी भरपूर असते तेव्हाच हा व्यवहार परवडतो. म्हणून जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर हे तीन महिने या रानाची खरी कमाई. खोडाचा घेर वाढतो तो याच काळात, आणि सागाच्या लाकडातले वर्षाचे वलयही मुख्यतः याच दिवसांत भरते.

साग भर पावसात फुलतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. झाडाच्या शेंड्यावर हातभर लांबीचे पांढुरके तुरे येतात, एकेका तुऱ्यात हजारो बारीक फुले असतात आणि त्यांतल्या फार थोड्यांना फळ धरते. खाली उभे राहून ती दिसत नाहीत. टेकडीच्या चढावर उभे राहून उतारावरच्या सागांकडे पाहावे, म्हणजे तो फेसाळ रंग नजरेत भरतो. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले तर हात लाल होतो. मुलांना बागेत नेले तर हा प्रयोग जरूर करून दाखवावा. त्यासाठी खाली पडलेले पान पुरते, तोडायची गरज नाही.

ऑगस्टच्या शेवटी सागाच्या पानांची जाळी होऊ लागते. एका पतंगाच्या अळ्या शिरा सोडून मधला हिरवा भाग तेवढा खातात. अनोळखी माणसाला झाड रोगाने मरते आहे असे वाटते. पानांचे काम तोवर बरेच उरकलेले असते आणि झाड पुढल्या वर्षी पुन्हा तितक्याच जोमाने उभे राहते.

पायापाशी पाहिले तर तेरडा गुलाबी फुलांनी भरलेला असतो. त्याचे पिकलेले बोंड हलक्या स्पर्शाने फुटते आणि बिया लांब उडतात. झुडपांवर कळलावी चढलेली दिसते. तिच्या पानाचे टोकच वळून आधाराला धरते, आणि तिच्या फुलाची पाकळी पिवळी उमलून लाल होत जाते. हिचा कंद जहाल विषारी आहे, म्हणून हात न लावता पाहावी.

आश्विन-कार्तिक : बिया निघतात प्रवासाला

पाऊस थांबला की आकाश स्वच्छ होते आणि गवत पिवळे पडू लागते. या दिवसांत टेकडीवरून चालून आल्यावर कपड्यांत कुसळे अडकतात. वैतागून ती उपटून टाकण्याआधी एक कुसळ ओल्या बोटांनी धरून पाहावे. पाणी लागताच त्याचा पिळा उलगडतो, वाळले की पुन्हा वळतो. रात्रीचे दव आणि दुपारचे ऊन यांच्यामुळे ते आळीपाळीने फिरत राहते आणि टोकाशी असलेले बी जमिनीत शिरते. शेंड्याकडे वळलेले ताठ केस त्याला मागे सरकू देत नाहीत. बाहेरच्या कुठल्याही शक्तीशिवाय, केवळ हवेतल्या ओलाव्यावर चालणारे हे गिरमिट आहे.

शहरातल्या रस्त्यांवर याच सुमाराला सप्तपर्णी फुलते. तिचा उग्र गोड वास संध्याकाळनंतर वाढतो, कारण तिचे गिऱ्हाईक रात्री उडणारे पतंग आहेत. पहाटे प्राजक्ताची फुले खाली पडलेली असतात, तीही रात्रीच्याच पाहुण्यांसाठी उमललेली. रात्रीच्या फुलांचा रंग बहुधा पांढरा आणि वास तीव्र असतो. अंधारात रंगाचा उपयोग नाही, हे फुलांच्या पिढ्यांनी कधीच हिशेबात धरले आहे.

मार्गशीर्ष-पौष : थंडीतले गुलाब

या दिवसांत शहराची पावले लिंक रोडवरच्या शासकीय गुलाब उद्यानाकडे वळतात. दर जानेवारीत तिथे अखिल भारतीय गुलाब प्रदर्शन भरते. जानेवारीच का, याचे उत्तर ऑक्टोबरात आहे. पावसाळा संपल्यावर गुलाबाची छाटणी करतात. छाटलेल्या डोळ्यांतून नवी फूट येऊन तिला कळी धरायला दीड-दोन महिने लागतात. डिसेंबर-जानेवारीतल्या थंड रात्री फूल सावकाश उघडवतात, त्यामुळे पाकळ्या मोठ्या होतात आणि रंग गडद होतो. तीच जात एप्रिलमध्ये लहान, विरळ, फिकट फूल देते. प्रदर्शनातले पारितोषिक जितके जातीचे, तितकेच माळ्याने साधलेल्या तारखेचे असते.

तळ्यावर उत्तरेकडून आलेले चक्रवाक, थापट्या आणि तलवार बदके दिसू लागतात. वन विहाराच्या काठाने चालताना एका हाताला पाणपक्षी आणि दुसऱ्या हाताला पिवळे पडत चाललेले रान असे दोन ऋतूग्रंथ शेजारी उघडलेले असतात.

भोपाळच्या डिसेंबराबद्दल लिहिताना १९८४ची २ आणि ३ डिसेंबरची रात्र वगळता येत नाही. कीटकनाशकाच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला आणि हजारो माणसे मेली. पुढल्या काही दिवसांत कारखान्याच्या परिसरातली झाडेही उघडी पडली. ती पानगळ ऋतूची नव्हती. कोणते झाड कोणत्या महिन्यात पान टाकते हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच अवेळी पडलेल्या पानाचा अर्थ वाचता येतो. ऋतूंची नोंद हा फावल्या वेळचा छंद वाटत असला तरी संकटाच्या वेळी ती साक्ष ठरू शकते.

माघ : पाने का गळतात

फेब्रुवारीत टेकडीवरच्या वाटेवर वाळक्या पानांचा थर साचतो आणि पावलागणिक आवाज होतो. सागाची पाने सर्वांत मोठी, त्यांचा आवाजही मोठा.

पानगळ म्हणजे झाडाचा मृत्यू किंवा म्हातारपण, ही समजूत आपल्या भाषेत खोल रुजलेली आहे. प्रत्यक्षात ते काटेकोर जमाखर्चाचे काम आहे. जमिनीतले पाणी कमी होत जाते तसा पान चालू ठेवण्याचा खर्च कमाईपेक्षा वाढतो. मग झाड पानातले हरितद्रव्य मोडते आणि त्यातला नायट्रोजन व फॉस्फरस यांचा मोठा वाटा फांदीत परत घेते. त्याच वेळी देठाच्या मुळाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो आणि जखमेवर बुचासारखे आवरण बसते. पान वाऱ्याने पडते खरे, पण ते सोडण्याची तयारी झाडाने आठवडे आधी केलेली असते. वादळात मोडलेल्या फांदीवरची पाने वाळूनही चिकटून राहतात. ती फांदी आधीच मेलेली असल्याने तिला ही तयारी करता आलेली नसते. जिवंत फांदी पान टाकते, मेलेली टाकू शकत नाही. पुढच्या खेपेला बागेत गेलात की हे ताडून पाहा.

उघड्या फांद्यांमुळे या दिवसांत खोडे नीट दिसतात. खडकाळ उतारावरचा करू दुरूनही ओळखू येतो. त्याची साल पांढुरकी, गुळगुळीत, कागदासारखी सुटणारी आणि चंद्रप्रकाशात चकाकणारी असल्यामुळे महाराष्ट्रात काही भागांत त्याला भुताचे झाड म्हणतात. त्याच्यापासून कराया डिंक मिळतो. वरचा पापुद्रा निघाला की आत हिरवट रंग दिसतो. पाने नसताना हीच हिरवी साल थोडेफार अन्न बनवत राहते. शेजारी काटेसावर मोठमोठ्या लाल फुलांनी भरू लागते. त्या फुलांत गोड रस साठतो आणि मैना, बुलबुल, कावळे, खारी दिवसभर तिथे गर्दी करतात.

वड, पिंपळ आणि उंबर यांच्याकडे या दिवसांत खास लक्ष द्यावे. रानात खायला कमी उरलेले असते तेव्हाही यांपैकी कोणत्या ना कोणत्या झाडावर फळे असतात. प्रत्येक जातीच्या फळात शिरणारी इवली गांधीलमाशी वेगळी असते आणि तिचे आयुष्य जेमतेम काही दिवसांचे. तिला वर्षभर फळ मिळत राहिले पाहिजे, म्हणून एकाच जातीची झाडे वेगवेगळ्या वेळी फळतात. त्याचा लाभ हरियालपासून वटवाघळांपर्यंत सगळ्यांना होतो.

फाल्गुन-चैत्र : निष्पर्ण फांदीवरची फुले

आता या रानाचे खरे कोडे समोर येते. शेवटचा मोठा पाऊस पडून पाच महिने झालेले, जमीन तडकलेली, ऊन वाढते आहे, आणि नेमक्या याच वेळी पळस, मोह, पांगारा फुलतात. पाणी नसताना फुलांची उधळण का?

याला तीन कारणे आहेत. पहिले म्हणजे पाने गळाल्यामुळे पाणी बाहेर जाण्याची वाट बंद होते आणि खोलवर गेलेल्या मुळांनी ओढलेले पाणी खोडात साठू लागते. पांगारा आणि काटेसावर यांचे मऊ लाकूड तर पाण्याचा साठाच असते. दुसरे, पाने आड येत नसल्यामुळे फूल दुरून दिसते. पळसाचे केशरी फूल पक्ष्यांसाठी आहे. त्याची वाकलेली पाकळी शिंजिराच्या चोचीला बरोबर जुळते. तिसरे कारण सर्वांत मोलाचे आहे. आता फूल आले तर मे-जूनपर्यंत बी पिकते. पळसाची चपटी शेंग वाऱ्यावर उडते, टोकाशी एकच बी घेऊन. ती जमिनीवर पडते आणि पाठोपाठ पाऊस येतो. रोपाला पूर्ण पावसाळा वाढायला मिळतो. दिवाळीत फुललेल्या झाडाच्या रोपाला समोर उन्हाळा दिसला असता.

मोहाची फुले रात्री उमलतात आणि पहाटे टपटप गळतात. त्यांच्या मांसल, साखरेने भरलेल्या पाकळ्यांसाठी मोठी फळखाऊ वटवाघळे येतात. मध्य भारतातल्या आदिवासी घरांत ही फुले वाळवून वर्षभर ठेवतात. फूल वेचण्याच्या पंधरवड्यात गावे पहाटेच रिकामी होतात. वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची रीत आहे आणि तिच्यातून वणवे लागतात. झाडाखाली जाळी बांधली तर फूलही स्वच्छ मिळते आणि रानही वाचते. मानव संग्रहालयातली गोंड-बैगांची घरे पाहिल्यावर मोहाखाली थोडा वेळ थांबावे. ते घर आणि ते झाड वेगवेगळे समजून घेता येत नाहीत.

याच दिवसांत कुसुमाला नवी पालवी फुटते, ती लालभडक. दुरून फुले आल्यासारखे वाटते. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरते तयार झालेले नसते आणि ऊन कडक असते. लाल रंगद्रव्य त्याला संरक्षण देते असे मानतात. लाखेचे किडे वाढवणाऱ्यांना कुसुम आणि पळस दोन्ही प्रिय आहेत. कुसुमावरची ती कुसुमी लाख, पळस आणि बोरीवरची ती रंगीनी.

वैशाख-ज्येष्ठ : उन्हातली पालवी

मे महिन्यात भोपाळचा पारा चाळिशी ओलांडतो. बागेत सकाळी नऊनंतर कोणी फिरकत नाही, आणि वर्षातला सर्वांत विस्मयकारक देखावा नेमका तेव्हाच असतो. पावसाचा थेंब नसताना बहुतेक झाडांना नवी पाने येतात.

झाडाला पाऊस येणार हे कसे कळते? कोस्टा रिका, थायलंड, जावा आणि अर्जेंटिना इथल्या शुष्क वनांच्या अभ्यासातून २००२ साली एक उत्तर पुढे आले. यातली पुष्कळ झाडे पावसाची वाट पाहत नाहीत. ती दिवस मोठा होत चालल्याची नोंद घेतात, आणि अर्ध्या तासाचा किंवा त्याहूनही कमी फरक त्यांना पुरतो. पाऊस एखाद्या वर्षी आठ दिवस लवकर येतो, एखाद्या वर्षी पंधरा दिवस उशिरा. दिवसाची लांबी मात्र कधी चुकत नाही. जी झाडे तिच्यावर विसंबून पालवी तयार ठेवतात, त्यांना पहिल्या सरीपासून कमाई सुरू करता येते. ढग पाहून पालवी काढणाऱ्याचे दोन-तीन आठवडे वाया जातात, आणि चार महिन्यांच्या हंगामात ते फार होतात.

बहावा याच उन्हात पिवळ्या घोसांनी लवलेला असतो. त्याच फांदीवर गेल्या वर्षीच्या लांब काळ्या शेंगा लोंबतात, कारण शेंग पिकायला जवळजवळ वर्ष लागते. एकाच झाडावर दोन उन्हाळे एकत्र पाहायचे असतील तर बहाव्याखाली उभे राहावे. त्याच्या फुलातला पराग बारीक छिद्रांत बंद असतो. काळा सुतारी भुंगा फूल धरून पंखांचे स्नायू थरथरवतो, तेव्हा पराग बाहेर झडतो. जवळ उभे राहिले तर त्या थरथरीचा वेगळा, चढा आवाज ऐकू येतो.

मध्य प्रदेशच्या खेड्यांत हे तेंदूपानांचे दिवस. तिकडे या पानाला हरे सोने म्हणतात. १९६४च्या कायद्याने तेंदूपानाचा व्यापार राज्याने आपल्याकडे घेतला. पन्नास पानांची एक गड्डी आणि हजार गड्ड्यांचे एक मानक पोते, असे त्याचे माप ठरलेले आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपे छाटतात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये नवी, पातळ, लवचीक पाने मिळतात. म्हणजे झाडाने पावसाआधी पालवी काढण्याची जी सवय लावून घेतली, तिच्यावर लाखो घरांची उन्हाळ्याची मजुरी उभी आहे.

मग एके दिवशी तळ्यावरून ओला वारा येतो, कदंबाला गोल कळ्या दिसू लागतात, आणि झाडाचे नवे वर्ष सुरू होते.

वहीतले झाड

झाडांच्या तारखा लिहून ठेवण्याची परंपरा जगात जुनी आहे. जपानमधल्या क्योतो शहरात चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात. २०२१ साली तिथे २६ मार्चला पूर्ण बहर आला. बाराशे वर्षांच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ साली आपल्या शेतावरच्या वसंताच्या खुणा लिहायला सुरुवात केली, आणि त्याच्या वारसांनी ते काम पुढे विसाव्या शतकापर्यंत चालवले. हवामान बदलते आहे हे आज आपण ज्या पुराव्यांवर सांगतो, त्यांत या साध्या वह्याही आहेत.

आपल्याकडे पंचांग आहे, पावसाची नक्षत्रे आहेत, पळस फुलला की होळी आली हे आजीला ठाऊक आहे. मात्र गेल्या पन्नास वर्षांत पळस कोणत्या तारखांना फुलला, हे अमुक गावी सांगता येईल अशी नोंद क्वचितच सापडते. भोपाळच्या टेकडीवरचे मोह आता आधी फुलतात की नंतर, हे ठरवायला जुनी वही हवी. ती वही आज सुरू केली तरच वीस वर्षांनी जुनी होईल. ‘सीझनवॉच’ या देशव्यापी उपक्रमात कोणीही आपले एक झाड नोंदवून दर आठवड्याला त्याची पाने, फुले आणि फळे यांची माहिती पाठवू शकतो. शाळांनी तर हे जरूर करावे.

त्यासाठी भोपाळलाच जायला हवे असे नाही. पुण्याची एम्प्रेस गार्डन, नागपूरची सेमिनरी टेकडी, तुमच्या तालुक्याच्या गावातला कचेरीसमोरचा पिंपळ, काहीही चालेल. एक झाड निवडा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, त्याच्यापाशी जा. पाने किती, कळ्या आहेत का, फुले किती, फळे कच्ची की पिकली, कोण पक्षी-किडे आले, एवढे तारखेसह लिहा. फूल नसलेल्या आठवड्यातही लिहा, कारण ‘काही नाही’ हीसुद्धा माहिती आहे. झाडांची नावे पाठ करणारे पुष्कळ आहेत. एका झाडाचे पूर्ण वर्ष पाहिलेली माणसे कमी आहेत, आणि आपल्या रानांना आज त्यांचीच गरज आहे.